गोदामातली स्कॅनर गन: वजन, बॅटरी आणि बाथरूमचा वेळ

बारकोड वाचणारी ही गन मी विकत घेतलेली नाही. मेंटेनन्सवाले सांगतात त्याप्रमाणे एकेका गनची किंमत आमच्या दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढी आहे. पण शिफ्टभर ती माझ्या हातात असते. या यंत्राबद्दल जे लिहिलेलं सापडतं ते बहुतेक विकणाऱ्यांचं असतं, नाहीतर विकत घेणाऱ्या मॅनेजरांचं. वेग किती वाढला, चुका किती घटल्या, माल किती लवकर बाहेर पडला, एवढंच त्यात असतं. वापरणारीच्या बाजूने कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून मी लिहिते आहे.

मी भिवंडी पट्ट्यात पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे रॅकवरून माल काढायच्या कामाला आहे. आधीच्या गोदामात कपडे आणि चपला होत्या, आताच्या ठिकाणी किराणा आणि घरगुती सामान आहे. दोन्हीकडे गन वेगळ्या बनावटीच्या आणि आतली सिस्टिमही वेगळी, त्यामुळे दोघींची तुलना करता येईल. कंपन्यांची आणि गोदामांची नावं मुद्दाम देत नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिफ्ट सुरू झाली की काउंटरवरून गन घ्यायची, आपला आयडी टाकून लॉगिन करायचं. स्क्रीनवर बिनचा, म्हणजे रॅकमधल्या कप्प्याचा नंबर येतो. त्या रॅकपर्यंत चालायचं, बिन स्कॅन करायचा, वस्तू स्कॅन करायची, टोटमध्ये (माल गोळा करायच्या पेटीत) टाकायची की लगेच पुढचा नंबर येतो. दिवसभर हेच. किती वस्तू, किती वेळात, दोन स्कॅनमध्ये किती अंतर पडलं, हे सगळं गन वर पाठवत राहते.

आधी हाताच्या गोष्टी सांगते. जुनी गन पिस्तुलाच्या घाटाची, खाली मूठ आणि वर स्क्रीन. बॅटरी धरून अर्ध्या किलोच्या आसपास. काउंटरवर उचलताना काही जाणवत नाही. दुपारपर्यंत मनगटाच्या बाहेरच्या बाजूला कळ सुरू होते आणि रात्री पोळ्या लाटताना ती पुन्हा वर येते. नवी गन मोबाइलसारखी सपाट, मागे हात अडकवायला पट्टा आणि दोन्ही बाजूंना स्कॅनचं बटण. वजन बरंच कमी आहे आणि दोन्ही हातांनी आलटून-पालटून वापरता येते. डावखुऱ्या मुलींना याचा फार फायदा झाला. पट्टा मात्र घामाने कुजतो आणि तो प्रत्येकीचा वेगळा नसतो. रात्रपाळीच्या माणसाचा ओला पट्टा सकाळी आपल्या हातात येतो. पट्टे सुटे मिळतात, स्वस्तही असतात. ज्याचा त्याला द्यायला काहीच हरकत नाही.

बारकोड वाचण्यात नवी गन फार पुढे आहे. जुनीतून लाल रेघ पडायची आणि ती बरोबर आडवी बसली तरच बीप यायचा. तेलाच्या पाऊचची पेटी किंवा चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा असला की उजेड परतून यायचा, मग पेटी तिरपी करा, हाताने सावली धरा. पावसाळ्यात स्टिकर दमट होऊन सुरकुतले की आणखी वेळ. नवीत कॅमेरा आहे. कोड उलटा असो, अर्धा फाटलेला असो, एका दाबात वाचते आणि चौकोनी कोडही घेते. गोंगाटात बीप ऐकू येत नाही तेव्हा हातात थरथर जाणवते, ही सोय छान आहे. दोन्ही गन सिमेंटच्या फरशीवर अनेकदा पडतात आणि चालतात.

बॅटरी नवी असताना पूर्ण शिफ्ट पुरते. वर्षभरानंतर दुपारीच लाल होते. बदलायला चार्जिंगच्या रॅकपर्यंत जावं लागतं आणि तो नेहमी दुसऱ्या टोकाला असतो. वायफायचंही तसंच. मेझनाइनच्या (गोदामाच्या आतच उभारलेल्या मजल्यांच्या) शेवटच्या दोन गल्ल्यांत, पत्र्याच्या भिंतीलगत, स्क्रीनवर नुसता गोल फिरत राहतो. ही दोन्ही दुखणी वरवर तांत्रिक आहेत. ती आमच्या नावावर कशी चढतात ते आता सांगते.

गनच्या आत एक घड्याळ आहे. शेवटचा स्कॅन झाला की ते सुरू होतं. आधीच्या गोदामात त्याची मर्यादा पाच मिनिटांची होती. पाच मिनिटं स्कॅन आला नाही की टीएलच्या (टीम लीडरच्या) स्क्रीनवर आपल्या नावापुढे लाल पट्टी यायची आणि गनवर कारण विचारलं जायचं: जेवण, चहा, मीटिंग, ट्रेनिंग, सिस्टिम बंद. जेवण आणि चहा ठरलेल्या वेळेतच निवडता यायचे. बाथरूमसाठी कारणच नव्हतं.

आता तिथलं अंतर बघा. आमचं पिकिंग मेझनाइनच्या दुसऱ्या मजल्यावर. बायकांचं टॉयलेट खाली, गेटच्या बाजूला, सिक्युरिटीच्या पलीकडे. जाताना गन जमा करायची, अंगझडती द्यायची, आणि परत येताना पुन्हा सगळं तेच. सकाळच्या पाळीत नव्वदेक बायका आणि सीट दोन. त्यातल्या एकीची कडी मोडलेली, म्हणून मैत्रिणीला बाहेर दार धरून उभं करावं लागायचं, म्हणजे एकीच्या जागी दोघींच्या नावावर लाल पट्टी. रांग नसली तरी दहा-बारा मिनिटं सहज जायची. मर्यादा पाचची. गेलं की लाल होणारच, हे ज्यांनी ती मर्यादा बसवली त्यांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. नकाशा त्यांच्याकडेच होता.

जेवणाच्या सुट्टीचंही असंच. कागदावर अर्धा तास. गन ती सुट्टी शेवटच्या स्कॅनपासून पुढच्या स्कॅनपर्यंत मोजते. रॅकपासून कँटीनपर्यंतची चाल, झडती, हात धुण्याची रांग हे सगळं त्यातच. ताटावर बसायला मिळायची पंधरा मिनिटं. डबा गरम करायला ओव्हनपाशी रांग असली तर तीही नाहीत.

या गोष्टीचा अंगावर काय परिणाम होतो ते पुरुष सहकाऱ्यांनाही नीट माहीत नसतं. बायका पाणी पिणं सोडतात. सकाळी घरून निघताना एक कप चहा, मग थेट जेवणाला अर्धा ग्लास. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली वरच्या मजल्यावर घामाच्या धारा लागलेल्या असताना हे चालतं. आमच्या लाइनमधल्या एका काकूंना लघवीला जळजळ, मग ताप, मग सुट्टी, असं पुन्हा पुन्हा व्हायचं. डॉक्टर दरवेळी एकच सांगायचे, पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका. काकू मान हलवून परत त्याच मजल्यावर यायच्या. पाळीच्या दिवसांत मुली रात्रीचे मोठे पॅड लावून यायच्या, एकावर एक, बदलायला जावं लागू नये म्हणून. गरोदर मुलगी असेल तर ती तीन-चार महिन्यांतच काम सोडायची. तिला कुणी काढलेलं नसायचं, कागदावर तिने स्वतःहून सोडलेलं असायचं.

आणि हे सगळं ताशी किती नग निघाले त्या आकड्यासाठी. आम्ही त्याला यूपीएच म्हणतो. आठवड्याची यादी कँटीनच्या दारावर लागायची. खालच्या नावांना ठेकेदाराचा माणूस म्हणायचा, उद्या फोन करतो. फोन यायचा नाही. आकडा काढताना एकूण नग भागिले लॉगिनचे तास, आणि त्या तासांतून जेवण-चहाखेरीज काहीच वजा नाही. बाथरूमला गेलेला वेळ, बॅटरी बदलायला गेलेला वेळ, वायफायचा गोल फिरत असलेला वेळ, सगळा आमच्या माथी. सिस्टिम बंद हे कारण दिलं तर टीएल येऊन विचारायचा, बाकीच्यांची कशी चालते?

मी त्या गनबद्दल नुसती चिडून बसले नाही, कायद्यात काय आहे ते वाचलं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मराठीत मिळतो. भाषा जड आहे, पण दोनदा वाचलं की कळतं. व्यापाराच्या कामासाठी वापरलेलं गोदामही त्यात दुकानातच धरलं आहे. सलग किती तास काम करून घ्यायचं याला मर्यादा आहे (२०१७ मध्ये ती पाच तासांची होती), मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यायची, हे त्यात स्पष्ट आहे. पिण्याचं पाणी, पुरुषांसाठी आणि बायकांसाठी पुरेशी शौचालयं आणि मुताऱ्या ही मालकाची जबाबदारी. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बायकांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय हवी.

माल नुसता ठेवला-काढला जात असेल तर हा कायदा. पण आमच्यासारखं पॅकिंगही त्याच छपराखाली होत असेल तर जागा कारखान्यातही मोडू शकते, कारण कारखाने अधिनियम, १९४८ च्या व्याख्येत माल पॅक करणं हीदेखील उत्पादनाची प्रक्रियाच होती. कारखान्यांच्या नियमांत दर २५ बायकांमागे एक संडास असं प्रमाण होतं. नव्वद बायकांना दोन सीट कुठल्या हिशोबात बसतात ते तुम्हीच बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो अधिनियम आणि कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा, दोन्ही व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये गेले. या संहितेत शौचालयं पुरुष, स्त्रिया आणि तृतीयपंथी कामगारांसाठी वेगवेगळी हवीत असं म्हटलं आहे. उभं राहून काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी. ५० पेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात विश्रांतीची खोली आणि जेवणाची खोली हवी. जुन्या कायद्यात हा आकडा १५० होता.

यातली एक गोष्ट प्रत्येक पिकरने पाठ करावी असं मला वाटतं. आम्ही ठेकेदाराच्या पटावर असतो. टॉयलेटची तक्रार केली की गोदामवाले म्हणतात ठेकेदाराला सांगा, ठेकेदार म्हणतो इमारत माझी नाही. १९७० च्या कायद्यातसुद्धा ठेकेदाराने सोय केली नाही तर मूळ मालकाने करायची आणि खर्च त्याच्याकडून वसूल करायचा असं होतं. नव्या संहितेने कंत्राटी कामगारांसाठी या सोयींची जबाबदारी थेट मूळ मालकावर टाकली आहे. म्हणजे ज्याची गन, त्याचंच टॉयलेट.

पण एवढं सगळं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मूळ दुखणं यातल्या कुठल्याच कायद्यात धरलेलं नाही. शौचालय असलं पाहिजे असं लिहिलंय. तिथे जाण्याचा वेळ टार्गेटमधून कापायचा नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. जेव्हा यातले जुने कायदे झाले तेव्हा सुपरवायझर डोळ्यांनी बघायचा आणि त्याचे डोळे सगळीकडे पोचायचे नाहीत. आता गन सेकंद मोजते आणि कायदा अजून सीट मोजतो आहे.

हे नेमकं धरलं ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने. तिथला एबी ७०१ हा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. एका गोदामात १०० किंवा राज्यभरातल्या गोदामांत मिळून १,००० कामगार असलेल्या मालकांना तो लागतो. टार्गेट असेल तर ते कामगाराला लेखी द्यायचं. जेवण, विश्रांती किंवा बाथरूम चुकवावं लागेल असं टार्गेट ठेवायचं नाही, आणि बाथरूमच्या वेळेत तिथपर्यंत जाण्या-येण्याचा वाजवी वेळही धरायचा. हे जाण्या-येण्याचं वाक्य मी वाचलं तेव्हा मला आमचा जिना आणि ती झडतीची रांग डोळ्यांसमोर दिसली. ते लिहिणाऱ्याने कुणा कामगाराशी नीट बोलून लिहिलं असणार. कामगाराला आपल्या कामाच्या वेगाचा मागच्या ९० दिवसांचा तपशील मागता येतो. आणि असा तपशील मागितल्यावर किंवा तक्रार केल्यावर ९० दिवसांच्या आत मालकाने कारवाई केली तर ती सूडापोटी केली असं आधी धरलं जातं, तसं नसल्याचं मालकाने दाखवायचं. जून २०२४ मध्ये तिथल्या कामगार आयुक्तांनी ॲमेझॉनला दोन गोदामांबद्दल सुमारे ५९ लाख डॉलरचा दंड लावला, टार्गेट लेखी दिलं नाही म्हणून. कंपनीने ते मान्य केलं नाही आणि दाद मागितली. न्यूयॉर्क, मिनेसोटा, वॉशिंग्टन या राज्यांनीही पुढे असेच कायदे केले.

त्याच जून महिन्यात आपल्याकडे हरियाणातल्या मानेसरची बातमी आली होती. ॲमेझॉनच्या गोदामात कामगारांना, टार्गेट पूर्ण होईपर्यंत पाणी प्यायला आणि बाथरूमला जाणार नाही अशी शपथ घ्यायला लावली, असं त्या बातमीत होतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने बातमीची दखल घेऊन केंद्राच्या कामगार मंत्रालयाला नोटीस पाठवली. आमच्या बसमध्ये ती बातमी मोबाइलवर फिरली तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, फक्त एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे शपथ घ्यावी लागत नाही, गनच घेते.

बदल होत नाहीत असं मात्र नाही, आणि ते फार लांबही झालेले नाहीत. केरळात कोळिकोडच्या मिठाई तेरुवू बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांना टॉयलेटच नव्हतं. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्या बायकांना जमवलं, पेनकूट्टू ही संघटना उभी केली. टॉयलेटपासून सुरुवात झाली आणि मग दिवसभर उभं राहण्याविरुद्ध बसण्याच्या हक्काचा लढा झाला. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घातला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही घातला. महाराष्ट्राकडेही याची जुनी शिदोरी आहे. आमच्याच डॉकवर माथाडींची टोळी येते. गाडी लागली की जीव तोडून काम करतात, गाडी रिकामी झाली की सावलीला बसतात, तंबाखू मळतात, पाणी पितात. त्यांच्या मागे १९६९ चा माथाडी कायदा आहे, मंडळ आहे, अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना आहे. मुतायला किती वेळ गेला असं त्यांना विचारायची कुणाची छाती नाही. त्याच छपराखाली, पन्नास पावलांवर, आम्ही लाल पट्टीला घाबरून ओठ कोरडे ठेवतो.

आता नव्या गनकडे येते, कारण तिच्यातही सगळं वाईट नाही. इथे मर्यादा पंधरा मिनिटांची ठेवली आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात पॉजचं बटण आहे. दाबलं की घड्याळ थांबतं आणि कारण विचारलं जात नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पॉजचा वेळ यूपीएचच्या भागाकारातून वगळला जातो. बायकांचं टॉयलेट प्रत्येक मजल्यावर आहे, झडतीच्या आत. हा फरक कामाला लागल्यावर लगेच कळत नाही, हळूहळू कळतो. मुलींच्या हातात पाण्याच्या बाटल्या दिसायला लागतात. काम कमी झालं असंही मला दिसलेलं नाही; दुपारनंतर चुकीची वस्तू उचलण्याचं प्रमाण माझं स्वतःचं तरी कमी झालं, कारण पोटात कळ दाबून धरून बिनचा नंबर वाचावा लागत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. आठवड्याच्या शीटवर प्रत्येकीच्या नावासमोर पॉजची बेरीज छापून येते आणि वर मथळा असतो, अनुत्पादक वेळ. वापरतात कशासाठी, तर कशासाठीच नाही, असं इनचार्ज सर म्हणतात, आणि ते सरळ माणूस आहेत. पण मग छापता कशाला? दुसरे सर आले की तोच कॉलम ते वेगळ्या नजरेने वाचतील. नव्या मुली तो मथळा वाचतात आणि पॉज दाबायचं टाळतात. आम्ही तो कॉलम काढायची मागणी केली आहे. अजून निघालेला नाही.

काही जणी म्हणतात, कारणांच्या यादीत बाथरूम हेही घाला म्हणजे प्रश्न मिटेल. मला हे अजिबात पटत नाही. असं बटण आलं की कोण कधी गेली, किती वेळा गेली, महिन्याच्या कुठल्या दिवसांत जास्त गेली, हे सगळं कुठल्यातरी कॉम्प्युटरमध्ये नावानिशी साठणार. पाळी, गरोदरपण, साखर, पोटाचं दुखणं, सगळं त्या आकड्यांतून वाचता येतं. गनला हे कळायची काही गरज नाही. माणूस थोडा वेळ थांबला, एवढं तिला पुरे.

मराठीबद्दल. दोन्ही गनची भाषा इंग्रजी. सेटिंगमध्ये हिंदी सापडते, मराठी नाही. आमच्यातल्या बऱ्याच जणी शहापूर-मुरबाडकडच्या, सातवी-दहावी शिकलेल्या. त्या रंग आणि जागा लक्षात ठेवून बटणं दाबतात. जुन्या गनच्या कारणांच्या यादीत एक ओळ खाली-वर झाली की जेवणाच्या जागी ट्रेनिंग पडायचं आणि त्यावरून बोलणी बसायची. भिवंडीत विकायचं आणि मराठी द्यायचं नाही, हे चालवून घेऊ नये.

माझे गुण असे: जुन्या गनला पाचपैकी दीड, तेही तिच्या मजबुतीसाठी. नवीला साडेतीन. शीटवरचा तो कॉलम गेला आणि मराठी आली तर साडेचार द्यायला मी तयार आहे. हे गुण यंत्राला कमी आणि ते बसवणाऱ्याच्या सेटिंगला जास्त आहेत, कारण विकायला आलेल्या माणसाला मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की मिनिटांची मर्यादा, पॉज, भागाकार हे सगळं गोदामाच्या सांगण्याप्रमाणे बदलता येतं. जुन्या गनच्या सिस्टिममध्येही. म्हणजे ती पाच मिनिटं कुणीतरी निवडलेली होती.

म्हणून गन घेणाऱ्यांना सांगते. डेमोच्या वेळी वेग बघता, तेवढ्याच बारकाईने हे बघा. मर्यादा बसवण्याआधी सर्वांत लांबच्या रॅकपासून टॉयलेटपर्यंत स्वतः चालून या, शिफ्टच्या गर्दीच्या वेळी, झडतीसकट. चपळ पोराला पाठवू नका, पन्नाशीच्या बाईच्या चालीने चाला. जेवणाचा अर्धा तास कँटीनच्या दारापासून मोजला जाईल असं करून घ्या. बॅटरी आणि वायफायचा वेळ सिस्टिमने आपोआप वजा करावा, आम्हाला टीएलची मनधरणी करायला लावू नये. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने-आस्थापनांत रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. दिवस लांबणार असेल तर थांबायला मिळणारा वेळ आणखी महत्त्वाचा होतो. हे सगळं सेटिंगमध्ये घालायला एक दुपार पुरते.

आणि माझ्यासारख्या वापरणाऱ्यांसाठी. लॉगिन करताना गनचा नंबर आणि वेळ वहीत लिहा. गन हँग झाली तर टीएलला तोंडी सांगून थांबू नका, शिफ्टच्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज टाका, वेळ आपोआप पडते. मोबाइल आत नेऊ देत नसतील तर वहीत टीएलची सही घ्या. टार्गेट किती आणि कसं काढलं ते लेखी मागा, एकटीने मागू नका, दहा-बारा जणींनी एका कागदावर सह्या करून मागा. टॉयलेटची तक्रार ठेकेदाराला द्या आणि तिचीच एक प्रत गोदामाच्या एचआरला द्या, पोच घ्या. आठवड्याभरात काही झालं नाही तर तीच प्रत घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. अर्ज मराठीत चालतो. अर्जात सीट किती, बायका किती, अंतर किती, कडी आहे का, पाणी किती वाजता जातं, एवढंच लिहा.

पट्टा स्वतःचा आणा. बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळतो, बहुतेक गनला बसतो.